परवलीचा शब्द आणि टोग्याखालची तलवार : रोमचे प्रिटोरियन रक्षक

ताम्रपट (धागाकर्ता)

रोमन साम्राज्याविषयी आपल्याकडे जे लिहिले-बोलले जाते, त्यात प्रिटोरियन रक्षकांचे नाव बहुधा एकाच कारणाने येते: त्यांनी सम्राट मारले आणि सम्राट गादीवर बसवले. ते खरेच आहे. परंतु हे दल इ.स.पू. २७ च्या सुमारास उभे राहिले आणि इ.स. ३१२ मध्ये मोडले गेले, आणि या जवळजवळ ३४० वर्षांतल्या बहुतेक दिवशी त्याने कोणत्याही सम्राटाला हात लावला नाही. त्या साध्या दिवशी हे शिपाई काय करीत होते, हे पाहावे म्हणून हा धागा काढला आहे. ते राजवाड्याच्या दारांवर पहारा देत, सम्राट यज्ञाला निघाला की त्याच्याबरोबर चालत, नाट्यगृहात उभे राहत आणि सम्राट गेला की त्याच्या चितेभोवती फेऱ्या घालीत. बरेच दिवस वाचल्यानंतर माझे असे मत झाले आहे की, समारंभ आणि संरक्षण ही या दलाची दोन निराळी कामे मानणे चुकीचे आहे. समारंभात त्यांना जी जागा मिळे, तीच संरक्षणाची जागा होती. आणि घात करायचा झाला तर त्यासाठीही तीच जागा सर्वांत सोयीची होती.

'प्रिटोरियन' हे नाव रणांगणावरच्या छावणीतून आले. प्रजासत्ताकाच्या काळात सेनापतीच्या तंबूला प्रिटोरियम म्हणत आणि त्या तंबूभोवती पहारा देणारी निवडक माणसे ती प्रिटोरियन तुकडी. मोहीम संपली की तुकडीही विसर्जित होई. पहिला सम्राट ऑगस्टस याने यादवी युद्धे संपल्यावरही हा पहारा मोडला नाही, उलट नऊ तुकड्यांचे कायमचे दल उभे केले. येथे त्याच्यापुढे एक पेच होता. रोमच्या पवित्र सीमेच्या आत सशस्त्र सैन्य वावरू नये असा जुना संकेत होता, आणि आपण राजा नसून नागरिकांतले पहिले नागरिक आहोत, या भूमिकेवर तर ऑगस्टसची सारी सत्ता उभी होती. म्हणून त्याने शहरात तीनच तुकड्या ठेवल्या, त्यांनाही स्वतंत्र छावणी दिली नाही, आणि बाकीच्या तुकड्या आसपासच्या गावांत विखरून ठेवल्या. शहरात पहाऱ्यावर असलेले शिपाई चिलखत न घालता टोगा पांघरीत. टोगा हे रोमन नागरिकाचे शांततेच्या काळातले वस्त्र; तलवार त्याच्या घड्यांखाली असे. इ.स. ६६ मध्ये, नीरोच्या कारकिर्दीत, थ्रेसिया पीटस या सिनेटरवर खटला चालला त्या सकाळी सिनेटच्या वाटेवर टोगाधारी माणसांचा एक घोळका तलवारी न लपवता उभा होता, असे रोमन इतिहासकार टॅसिटस मुद्दाम नोंदवतो. त्या तलवारी दिसत होत्या याचे त्याला वाटलेले महत्त्वच सांगते की एरवी त्या दिसू नयेत, अशी रीत होती.

त्यांची चाकरी सुखाची मानली जाई. इ.स. १४ मध्ये डॅन्यूबकडील सैन्याने बंड केले, तेव्हा साध्या शिपायांची तक्रार हीच होती की आम्हाला रोजचे १० अ‍ॅस मिळतात, प्रिटोरियनांना दोन दिनार मिळतात आणि १६ वर्षांनी ते घरी जातात; त्यांना आमच्यापेक्षा जास्त संकटे सोसावी लागतात काय? एका दिनाराचे १६ अ‍ॅस होत, हे लक्षात घेतले म्हणजे त्या संतापाचे माप कळते. निवृत्तीच्या वेळी प्रिटोरियनाला २०,००० सेस्टर्स (चार सेस्टर्स म्हणजे एक दिनार) मिळत, लीजनच्या, म्हणजे नेहमीच्या सैन्यदलाच्या, शिपायाला १२,०००.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुख्यतः लिहायला बसलो ती. पॅलाटाईन टेकडीवरच्या राजवाड्यात रोज एक तुकडी पहाऱ्यावर असे आणि तिचा ट्रिब्यून, म्हणजे तुकडीचा प्रमुख अधिकारी, सम्राटासमोर जाऊन त्या दिवसाचा परवलीचा शब्द मागे. सम्राट एक शब्द देई आणि तो पहाऱ्यावरच्या माणसांपर्यंत पोचे. म्हटले तर ही सुरक्षेची साधी व्यवस्था, आणि म्हटले तर रोजचा राज्याभिषेक, कारण ज्याच्या तोंडून शब्द घ्यायचा तोच सम्राट. हे शब्द इतिहासकारांनी जपून ठेवले आहेत. नीरोने सत्तेवर आल्याच्या पहिल्या दिवशी दिलेला शब्द होता 'सर्वोत्तम माता'. पाच वर्षांनी त्याने त्याच मातेचा खून करवला. क्लॉडियस एखाद्या कटवाल्याला शिक्षा केल्यावर होमरची, आधी हल्ला करणाऱ्याला परतवून लावण्याविषयीची ओळ परवल म्हणून देई. अँटोनायनस पायसने मृत्युशय्येवर, इ.स. १६१ मध्ये, दिलेला शेवटचा शब्द 'समचित्तता' असा होता. मार्कस ऑरेलियस इ.स. १८० मध्ये मरणपंथाला लागला असताना ट्रिब्यून नेहमीप्रमाणे शब्द मागायला आला, तेव्हा तो म्हणाला, "उगवत्या सूर्याकडे जा, मी आता मावळतो आहे." त्या ट्रिब्यूनने मग मार्कसचा मुलगा आणि वारस कॉमोडस याच्या दालनाकडे जाताना काय विचार केला असेल, हे माझ्या मनातून जात नाही.

आणि कॅलिग्युला. त्याच्या ट्रिब्यूनांपैकी कॅशियस कायरिया हा वयस्क, युद्ध पाहिलेला माणूस, पण आवाजाने बारीक. तो शब्द मागायला आला की कॅलिग्युला मुद्दाम 'व्हीनस' किंवा 'प्रायापस' (दोन्ही कामवासनेशी जोडलेल्या देवता) असा शब्द देई, म्हणजे तो सहकाऱ्यांपर्यंत पोचवताना कायरियाची हेटाळणी व्हावी. २४ जानेवारी ४१ रोजी पॅलाटाईनवर खेळ चालू असताना कॅलिग्युला एका अरुंद बोळातून जात होता, तेथे कायरियाने त्याच्यावर वार केला. इतिहासकार योसेफस सांगतो की वार करण्यापूर्वी कायरियाने परवलीचा शब्द मागितला. रोमन चरित्रकार सुएटोनियसने दिलेल्या एका हकिगतीत दुसरा ट्रिब्यून सॅबिनस शब्द मागतो, कॅलिग्युला 'ज्युपिटर' म्हणतो आणि कायरियाची तलवार पडते. तपशील जुळत नाहीत, पण दोन्ही हकिगतींत परवलीचा शब्द आहे. शस्त्र घेऊन सम्राटाच्या हाताच्या अंतरापर्यंत जाण्याचा आणि त्याला थांबवून बोलण्याचा रोजचा अधिकार ज्या थोड्या लोकांना होता, त्यांतलाच एक तेथे उभा होता.

---

दीपमाळ

फार चांगला विषय आहे. एक प्राथमिक शंका विचारते. चित्रपटांत प्रिटोरियन नेहमी काळ्या किंवा जांभळ्या पोशाखात, उंच तुऱ्याचे शिरस्त्राण आणि शरीराला घट्ट बसणारे घडीव चिलखत घालून उभे असतात. तुम्ही तर टोगा म्हणता. मग तो दुसरा पोशाख कधी घालीत असत, की तो केवळ कल्पनेतला आहे?

---

ताम्रपट

दीपमाळ, तो पोशाख अगदीच काल्पनिक नाही. चित्रपटवाल्यांनी बहुतेक लूव्रच्या संग्रहातील एका प्रसिद्ध संगमरवरी शिल्पपटावरून तो उचलला आहे. तो पट क्लॉडियसच्या ब्रिटनविजयाच्या कमानीवरचा असावा, असे मानतात. त्यात तुऱ्यांची शिरस्त्राणे, घडीव चिलखते, लंबगोल ढाली आणि मागे पंजात वज्र धरलेल्या गरुडाचे निशाण दिसते. मात्र हा पट पाहताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पुढच्या आकृतींची डोकी नंतरच्या काळात डागडुजी करताना बसवलेली आहेत. आणि विजयकमानीवरचा शिल्पकार शिपायांना ग्रीक वीरांच्या थाटात दाखवीत असे. याउलट १९३७ ते १९३९ या काळात रोममध्ये पालाझो देल्ला कांचेल्लेरियाखाली सापडलेल्या डोमिशियनकालीन पटांवर सम्राटाबरोबर निघालेले शिपाई साधा अंगरखा घातलेले आहेत. खरी वर्दी कामाप्रमाणे बदले: शहरात टोगा, मोहिमेवर इतर सैन्यासारखेच चिलखत, आणि सणासमारंभाला खास पोशाख. काळ्या-जांभळ्या गणवेशाला मात्र आधार नाही.

पोशाखापेक्षा मला त्यांची निशाणे अधिक बोलकी वाटतात. प्रिटोरियनांच्या निशाणाच्या काठीवर मुकुट, चकत्या आणि खुद्द सम्राटाच्या प्रतिमा बसवलेल्या असत, म्हणजे मिरवणुकीत सम्राट जेथे नसे तेथेही त्याचा चेहरा शिपायांच्या डोक्यावर असे. १५ जानेवारी ६९ रोजी वृद्ध सम्राट गॅल्बा पालखीतून फोरममध्ये (रोमच्या मुख्य चौकात) आला, तेव्हा त्याच्यासोबतच्या तुकडीचा निशाणधारक अ‍ॅटिलियस व्हर्गिलिओ याने निशाणावरची गॅल्बाची प्रतिमा उपटून जमिनीवर आपटली. टॅसिटस सांगतो की त्या क्षणी साऱ्यांना कळले, सैन्य गादीचा दावेदार ओथो याच्याकडे गेले. कोणी आज्ञा दिली नाही, शिंग फुंकले नाही. फोरम रिकामे झाले, पालखीवाहक गडबडले आणि गॅल्बा पालखीतून खाली पडला. समारंभाची एक वस्तू मोडली आणि संरक्षण संपले.

त्याच दिवसाची दुसरी बाजूही सांगायला हवी. सेम्प्रोनियस डेन्सस नावाचा एक प्रिटोरियन सेंच्युरियन (एका लहान तुकडीचा नायक) एकटा खंजीर उपसून मारेकऱ्यांना आडवा गेला आणि लढता लढता मेला. टॅसिटसच्या मते तो गॅल्बाचा दत्तक वारस पिसो याला वाचवीत होता, ग्रीक चरित्रकार प्लुटार्क म्हणतो खुद्द गॅल्बाला. त्या दिवशी सूर्याने पाहिलेला, रोमन साम्राज्याला शोभेल असा माणूस एवढा एकच, असे प्लुटार्कचे मत आहे, आणि मला ते पटते.

---

रानवाट

धागा आवडला, पण मूळ मुद्द्याशी माझा मतभेद आहे. सम्राटाच्या शरीराचे रक्षण खरोखर प्रिटोरियन करीत होते काय? ऑगस्टसपासून नीरोपर्यंत ते काम मुख्यतः जर्मन अंगरक्षकांचे होते. बटाव्हियन, उबियन अशा ऱ्हाईनकाठच्या टोळ्यांतून ही माणसे घेत. त्यांना रोममध्ये नातीगोती नव्हती, सिनेटरांशी ओळख नव्हती, लॅटिन बेताचेच; त्यांची निष्ठा एका माणसापुरती होती आणि म्हणूनच ते विश्वासाचे. कॅलिग्युलाला प्रिटोरियन अधिकाऱ्यांनी मारले, तर जर्मन रक्षक खवळून बोळात धावत आले आणि हाती लागतील त्यांना कापीत सुटले. त्यांत निरपराध सिनेटरही गेले. गॅल्बाने हे जर्मन दल इ.स. ६८ मध्ये मोडले आणि काही महिन्यांत तो फोरममध्ये उघडा पडला. पुढे ट्राजनच्या काळात सम्राटाचे खास घोडदळ दिसते, तेही मुख्यतः ऱ्हाईन आणि डॅन्यूब प्रांतांतले, सुमारे १,००० स्वार. म्हणजे प्रत्येक शहाणा सम्राट प्रिटोरियनांपासून स्वतःला वाचवण्यासाठी दुसरे दल बाळगीत होता. प्रिटोरियन हे राजधानीतले सैन्य होते, फार तर मिरवणुकीतली शोभा. त्यांच्या समारंभालाच संरक्षण म्हणणे मला ताणलेले वाटते.

---

ताम्रपट

रानवाट, जर्मन रक्षकांना मी मूळ लेखनात जागा द्यायला हवी होती. ती उणीव मान्य. अगदी आतले वर्तुळ त्यांचे होते हेही मान्य. तरीही त्या बोळातला प्रसंग पुन्हा पाहा. जर्मन रक्षक हत्येनंतर पोचले. कायरिया आधीच तेथे होता, कारण प्रिटोरियन ट्रिब्यून म्हणून राजवाड्यात वावरण्याचा त्याला हक्क होता आणि त्याला कोणी अडवायचे कारणच नव्हते. हत्येनंतर पुढचा सम्राट कोण, हेही जर्मनांनी ठरवले नाही. ग्रेटस नावाच्या प्रिटोरियनाला पडद्यामागे दडलेला क्लॉडियस सापडला, त्याला ते छावणीत घेऊन गेले, आणि क्लॉडियसने प्रत्येकी १५,००० सेस्टर्स कबूल केले. त्या क्लॉडियसने मग आपल्या नाण्यांवर छावणीची भिंत कोरून घेतली आणि शिपायाशी हस्तांदोलन करणारी आपली आकृतीही.

प्रिटोरियनांतही जवळचे आणि लांबचे असा भेद होता, हे तुमच्या मुद्द्याला जोडून सांगतो. स्पेक्युलेटर नावाचे निवडक लोक भाले घेऊन सम्राटाच्या अगदी निकट असत. क्लॉडियस मेजवानीला बसे तेव्हा भालाधारी स्पेक्युलेटर त्याच्याभोवती उभे राहत आणि ताटे वाढण्याचे कामही शिपाईच करीत, असे सुएटोनियस लिहितो. जेवणाच्या पंगतीत भाले घेऊन उभे असलेले लोक पाहुण्यांना शोभा वाटत होते की धाक, हे तुम्हीच सांगा.

---

उंबरठा

ताम्रपट यांच्या शेवटच्या परिच्छेदाला थोडी भर घालतो, कारण झडती हा विषय मला फार महत्त्वाचा वाटतो. क्लॉडियसच्या काळी त्याच्या भेटीला येणाऱ्या प्रत्येकाची अंगझडती होई, आणि ती बारकाईने. बायका, मुले-मुलीही सुटत नसत. ती सवलत पुष्कळ उशिरा मिळाली. सम्राट आजारी माणसाला भेटायला जाई, तर आधी खोली तपासली जाई आणि गाद्या-उशा चाचपून पाहिल्या जात. ऑगस्टसच्या संदर्भातही असे सांगितले आहे की एका अस्वस्थ काळात सिनेटरांना त्याच्याजवळ एकेकट्याने आणि टोग्याच्या घड्या चाचपल्यावरच सोडीत.

सिनेटचा उंबरठा हा तर फार नाजूक प्रश्न होता. तेथे ज्युलियस सीझरची आठवण ताजी होती: तो अंगरक्षकांना निरोप देऊन एकटा सभेला गेला आणि २३ वार खाऊन पडला. तरी सिनेटच्या सभागृहात शिपाई नेणे म्हणजे उघड जुलूम दिसे. इ.स. ३३ मध्ये काप्री बेटावर राहणाऱ्या सम्राट टायबेरियसने सिनेटला लिहिले की मी सभेला येईन तेव्हा प्रिटोरियनांचा प्रमुख (प्रीफेक्ट) मॅक्रो आणि काही ट्रिब्यून, सेंच्युरियन माझ्याबरोबर आत असावेत. सिनेटने संख्येची अट न घालता ठराव मंजूर केला. टायबेरियस मात्र त्यानंतर कधीच रोममध्ये आला नाही. क्लॉडियसनेही पुढे अशीच परवानगी मागून घेतली. मागून घेतली, हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. ज्याच्या हाती सारी तलवार होती त्यालाही त्या दारातून ती आत नेताना सिनेटचा ठराव लागत होता.

---

सह्यवारा

खेळ आणि दरबार यांविषयी अजून कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो.

रोमच्या नाट्यगृहांत खेळाच्या वेळी एक प्रिटोरियन तुकडी हजर असे. हे काम दिसायला सोपे आणि करायला धोक्याचे होते. इ.स. १५ मध्ये नटांच्या चाहत्यांत दंगल झाली तेव्हा लोकांबरोबर काही शिपाई आणि एक सेंच्युरियन मारले गेले आणि प्रिटोरियनांचा एक ट्रिब्यून जखमी झाला. इ.स. ५५ मध्ये नीरोने ही तुकडी नाट्यगृहातून काढून घेतली. लोकांना अधिक मोकळेपणा वाटावा, शिपाई नाट्यगृहाच्या वातावरणाने बिघडू नयेत आणि पहारा नसताना लोक शिस्तीने वागतात का ते पाहावे, अशी कारणे टॅसिटस देतो. लोक शिस्तीने वागले नाहीत. वर्षभरातच नटांना इटलीबाहेर घालवावे लागले आणि शिपाई पुन्हा जागेवर आले. ताम्रपट जे म्हणतात ते येथे प्रत्यक्ष तपासले गेले, असे मला वाटते: शोभेसाठी उभी वाटणारी माणसे काढून पाहिली आणि ती शोभेची नव्हती हे कळले.

आता दरबार. इ.स. ५१ च्या सुमारास ब्रिटनचा पकडलेला नायक काराटॅकस रोममध्ये आणला गेला. प्रिटोरियन छावणीसमोरच्या मैदानात सर्व तुकड्या शस्त्रांसह उभ्या राहिल्या. आधी त्याचे सेवक, मग त्याने युद्धांत मिळवलेले कंठे आणि दागिने, मग भाऊ, बायको, मुलगी आणि शेवटी तो स्वतः, अशी मिरवणूक त्यांच्यापुढून गेली. काराटॅकस खाली मान न घालता बोलला आणि क्लॉडियसने त्याला कुटुंबासह जीवदान दिले. बेड्या निघाल्यावर त्या सर्वांनी जवळच दुसऱ्या चौथऱ्यावर बसलेल्या, क्लॉडियसची बायको आणि नीरोची आई असलेल्या अ‍ॅग्रिपिनालाही वंदन केले. रोमन निशाणांपुढे बाईने असे बसावे, ही जुन्या रीतीला सोडून असलेली नवी गोष्ट होती, हे टॅसिटस नापसंतीने लिहितो. पुढे इ.स. ५५ मध्ये नीरोने हिच्या दारावरचा शिपायांचा पहारा आणि जर्मन रक्षक काढून घेतले, तेव्हा तिचा उंबरठा लगेच ओस पडला. पहारा गेला म्हणजे मान गेला, हे रोममध्ये सगळ्यांना बरोबर समजत होते.

सर्वांत मोठा सोहळा इ.स. ६६ चा. आर्मेनियाचा टिरिडाटीस नीरोच्या हातून मुकुट घेण्यासाठी आला होता. आभाळ आले म्हणून एकदा दिवस पुढे ढकलला. मग रात्रभर दिवे लावून फोरम सजवले. मधोमध पांढऱ्या वस्त्रांतले, हाती लॉरेल घेतलेले नागरिक, आणि सभोवती, मंदिरांच्या पायऱ्यांशी, चकाकत्या शस्त्रांतल्या तुकड्या. पहाटे नीरो सिनेट आणि प्रिटोरियन यांच्यासह आत आला. इतिहासकार कॅशियस डिओ म्हणतो की उन्हात शस्त्रे आणि निशाणे विजेसारखी लखलखत होती, आणि लोकांच्या गर्जनेने टिरिडाटीस क्षणभर घाबरून गेला.

---

दीपमाळ

मूळ लेखात चितेभोवती फेऱ्यांचा ओझरता उल्लेख आहे. त्याविषयी कोणी सविस्तर लिहील का?

---

ताम्रपट

इ.स. १४ मध्ये ऑगस्टसच्या अंत्यसंस्काराचे वर्णन डिओने दिले आहे. मार्सच्या मैदानात चिता रचली होती. पुरोहितांनी आधी प्रदक्षिणा घातली, मग स्वारांनी आणि पायदळाने, आणि ऑगस्टसच्या हातून शौर्याबद्दल ज्यांना जी पदके मिळाली होती ती त्यांनी चितेवर टाकली. नंतर सेंच्युरियनांनी पलिते घेऊन चितेला खालून अग्नी दिला. आयुष्यभर ज्याच्या दारावर उभे राहिले त्याने दिलेले कंठे आणि कडी काढून आगीत टाकणारे ते हात, हे दृश्य मला या सगळ्या इतिहासातले सर्वांत हळवे वाटते. तशाच प्रदक्षिणेचे शिल्प व्हॅटिकनमधल्या अँटोनायनस पायसच्या स्तंभाच्या बैठकीवर आहे: मध्ये पायदळाचे शिपाई निशाणांसह उभे आणि त्यांच्याभोवती वर्तुळात दौडणारे स्वार.

पण त्याच दिवशी ते शिपाई रक्षणासाठीही उभे होते, हे टॅसिटस सांगतो. ज्यांनी ५७ वर्षांपूर्वी सीझरच्या हत्येनंतरचे दिवस पाहिले होते किंवा वडिलांकडून ऐकले होते, ती माणसे हसली: इतकी वर्षे राज्य करून म्हातारपणी गेलेल्या माणसाला शांतपणे जाळायलाही सैन्याची मदत लागावी!

---

पिंपळपार

दोन वर्षांपूर्वी रोममध्ये काही दिवस होतो तेव्हा प्रिटोरियन छावणीची भिंत पाहिली, तिच्याविषयी लिहितो. तेर्मिनी स्थानकापासून ती चालत जाण्याच्या अंतरावर आहे. भुयारी रेल्वेच्या त्या थांब्याचे नावच कास्त्रो प्रेतोरियो आहे, आणि छावणीच्या जागेत आता राष्ट्रीय ग्रंथालय आणि लष्करी बराकी आहेत. बाहेरच्या रस्त्याने भिंतीच्या कडेने चालत गेलो. विटांच्या रंगांत आणि जाडीत फरक दिसू लागला की थांबून वर पाहायचे. मूळ भिंत आजच्या मानाने बुटकी होती. तिच्या माथ्यावरचे कंगोरे नंतरच्या बांधकामात तसेच चिणले गेले आहेत. त्यामुळे उंच भिंतीच्या पोटातच एका जुन्या, ठेंगण्या भिंतीची दातेरी कड स्पष्ट ओळखता येते. टायबेरियसचा प्रीफेक्ट सेजानस याने इ.स. २३ च्या सुमारास ही छावणी बांधवली आणि तोवर विखुरलेल्या तुकड्या एका जागी आणल्या. विखुरलेले शिपाई बिघडतात, हे त्याने दिलेले कारण. आपली संख्या एकत्र पाहून त्यांना बळ यावे आणि इतरांना धाक बसावा, हे टॅसिटसने सांगितलेले कारण. दोनच वर्षांनी टायबेरियसने सिनेटरांना बोलावून प्रिटोरियनांची कवायत दाखवली, जणू काही त्यांना या दलाचे बळ ठाऊकच नव्हते. ऑगस्टसने टोग्याखाली झाकून ठेवलेली तलवार येथे विटांच्या भिंतीने उघड केली.

इ.स. २७१ नंतर ऑरेलियनने शहराभोवती तट बांधताना छावणीची बाहेरची भिंत तटातच सामावून घेतली, म्हणून ती उरली. शहराच्या बाजूची भिंत उरली नाही. प्रिटोरियनांनी इ.स. ३०६ मध्ये मॅक्झेन्शियसला सम्राट केले होते आणि २८ ऑक्टोबर ३१२ रोजी मिल्व्हियन पुलाच्या लढाईत ते त्याच्या बाजूने लढले. जिंकलेला त्याचा प्रतिस्पर्धी कॉन्स्टंटाईन याने दल कायमचे मोडले आणि छावणी निकामी केली. रानवाट यांनी सांगितलेल्या खास घोडदळाचीही तीच गत झाली. त्यांची नवी छावणी पाडून तिच्यावर लॅटरनचे मोठे चर्च उभे राहिले.

---

रानवाट

पिंपळपार, भिंतीच्या पोटातली भिंत माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली. ताम्रपट, नाट्यगृहाचा दाखला आणि निशाणावरची प्रतिमा वाचल्यावर माझे मत बरेच बदलले आहे. पण मग इ.स. १९३ चे काय? सम्राट पर्टिनॅक्सला मारून साम्राज्याचा लिलाव करणाऱ्या या दलाला पुढे सम्राट झालेल्या सेप्टिमियस सेव्हेरसने लढाईशिवाय कसे मोडले? छावणी होती, भिंत होती, शस्त्रे होती.

---

ताम्रपट

रानवाट, तुमच्या प्रश्नाचे उत्तर समारंभाच्या पोशाखात आहे.

२८ मार्च १९३ रोजी प्रिटोरियनांनी पर्टिनॅक्सला राजवाड्यात घुसून मारले. तो ८७ दिवस सम्राट होता. मग छावणीत आत उभा सल्पिशियानस आणि भिंतीबाहेर डिडियस ज्युलियानस, असे गादीचे दोन दावेदार प्रत्येक शिपायामागे किती देणार ते बोलत गेले आणि ज्युलियानसने २५,००० सेस्टर्सवर सौदा जिंकला. डॅन्यूबकडून सेव्हेरस सैन्य घेऊन निघाला, आणि ६६ दिवसांत ज्युलियानस मेला. सेव्हेरस अजून शहराबाहेर होता. त्याने प्रिटोरियनांना कळवले की शस्त्रे छावणीत ठेवून, सम्राट यज्ञाला किंवा उत्सवाला निघतो तेव्हा तुम्ही जो पोशाख करता तोच करून, निष्ठेची शपथ घ्यायला या. ही आज्ञा त्यांना खटकली नाही, कारण नव्या सम्राटाचे स्वागत असेच होत असे. इतिहासकार हेरोडियन सांगतो की ते लॉरेलच्या डहाळ्या घेऊन, सणाच्या वस्त्रांत, ओळीने मैदानात आले. सेव्हेरस चौथऱ्यावर चढला आणि त्याच्या शिपायांनी भाले रोखून त्यांना वेढले. त्याने त्यांना सम्राटाच्या खुनाबद्दल आणि साम्राज्य विकल्याबद्दल सुनावले, त्यांच्या अंगावरचे पट्टे, वस्त्रे, पदे काढून घेतली, आणि रोमपासून शंभराव्या मैलाच्या दगडाच्या आत दिसाल तर प्राण जाईल, असे बजावले. मिरवणुकीसाठी बाळगलेले, सोन्याचांदीचे काम केलेले छोटे खंजीरही त्यांच्या कमरेवरून ओढून घेतले गेले. दरम्यान दुसऱ्या वाटेने पाठवलेल्या लोकांनी रिकाम्या छावणीचा आणि आतल्या शस्त्रांचा ताबा घेतला होता. छावणीच्या भिंतीवर चढाई करावी लागली नाही, कारण भिंतीतली माणसे समारंभाला बाहेर आली होती.

तोवर या दलात इटली, स्पेन, मॅसिडोनिया, नोरिकम येथलेच लोक घेत. सेव्हेरसने त्यांच्या जागी डॅन्यूबच्या लीजनांतले मुरलेले शिपाई भरले. डिओ त्या वेळी सिनेटर होता आणि रोममध्ये होता. नव्या शिपायांचे राकट रूप आणि बोली त्याला भीतिदायक वाटली, आणि चाकरीची वाट बंद झाल्याने इटलीची तरुण मुले दरोडेखोरीकडे आणि ग्लॅडिएटरांच्या आखाड्याकडे वळली, असे तो लिहितो.

त्या मैदानातली एक गोष्ट डिओने जपली आहे. बडतर्फ झालेल्यांपैकी एका स्वाराचा घोडा खिंकाळत त्याच्या मागे येऊ लागला. स्वाराने त्याला पुन्हा पुन्हा हाकलले. घोडा मागे फिरेना. शेवटी त्या माणसाने आधी घोड्याला मारले आणि मग स्वतःला.